बाहीतली वजनं

बशीत चमचा किणकिणायला लागला तेव्हा घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता. शिलाई मशीनवरचं फडकं अजून काढलेलं नव्हतं, नळ बंद होता, आणि चहात बुडवलेला पाव मोडून पडायच्या आत तोंडात घालण्याच्या नाजूक कामात बाबा गुंतला होता. सकाळची ही एवढीच घटका या घरात शांत जायची. एकदा मशीन सुरू झालं की संध्याकाळपर्यंत कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही.

किणकिण थांबेना.

"भिंगरे, किती ढवळशील? साखर कधीच विरघळली, आता कप विरघळेल," मान वर न करता बाबा म्हणाला.

"मी कुठे ढवळतेय?"

म्हणून आईनं वळून पाहिलं. लेक दारात उभी होती. आईचा चहा मशीनपाशी आणून द्यायचं काम तिचं, तशी ती घेऊन येत होती. कप भरलेला, चमचा बाजूला बशीत. ढवळत कुणीच नव्हतं. पण बशी धरलेलं मनगट आपलंआपण हळूच वळत होतं, परत सरळ होत होतं, आणि मोकळी बोटं एकेक करून उघडत-मिटत होती. भिंगरी त्या हाताकडे असं बघत होती, जसं दुसऱ्याचं पोर आपल्या घरात येऊन पसारा करायला लागलं की आपण बघतो.

"ठेव ती बशी खाली."

ठेवली. ठेवता ठेवता अर्धा चहा सांडला.

"झोप नीट झाली नाही तुझी," आई म्हणाली, आणि फडकं आणायला उठली. त्या दिवशी एवढंच झालं.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण चालायला लागली ती थेट धावायलाच लागली, जेवायची ती उभ्यानं, अभ्यास करायची तो खिडकीत लटकून, तेव्हा बाबानं ठेवलेलं नाव शाळेपर्यंत जाऊन चिकटलं. तेच पुढं नडलं. भिंगरीचा हात फिरतोय म्हटल्यावर कोण काळजी करणार? भिंगरी फिरायचीच.

आई-बाबांचा धंदा पडद्यांचा. आई शिवायची, बाबा रॉड ठोकून टांगायचा. आईला आळीत सगळे पडदेवाली म्हणत. अर्ध्या गावाच्या खिडक्या या दोघांनी झाकल्या होत्या. झाकायच्या राहिल्या होत्या त्या फक्त स्वतःच्या. "आपल्याकडे झाकण्यासारखं आहे काय?" असं बाबा विचारायचा, आणि आई म्हणायची, "तुमचं घोरणं."

भिंगरीचाही त्या धंद्यात वाटा होता. ताग्यावर खडूनं रेघ मारायचं काम तिचं. जमिनीवर कापड अंथरलं की एका टोकाला ती ओणवी व्हायची, जीभ दातांत धरायची आणि सरकत सरकत दुसऱ्या टोकाला जाऊन उठायची. मागे रेघ अशी सरळ, की आई त्यावरून डोळे मिटून कात्री चालवायची. पट्टी नको, दोरा नको. गिऱ्हाईक आलं असलं तर आई मुद्दाम तेव्हाच हाक मारायची, "अगं, जरा रेघ मारून दे गं," आणि मग आपण कुठेतरी तिसरीकडेच बघायची.

चहा सांडल्यावर काही दिवसांनी एका मोठ्या दिवाणखान्याचं कापड आलं. भिंगरी ओणवी झाली, सरकत गेली, उठली. आईनं सवयीनं कात्री घातली आणि निम्म्यावर आल्यावर तिचा हात थबकला. रेघ मधेच वर चढली होती, खाली आली होती, परत चढली होती. कापड वाया गेलं होतं.

"लक्ष कुठे होतं तुझं?"

"रेघेवरच होतं."

"मग हे काय आहे?"

भिंगरीनं उजवा हात पाठीमागे नेला आणि डाव्या हातानं घट्ट धरला. "आई, तो माझं ऐकत नाही," ती म्हणाली. रडत नव्हती. चुगली करावी तशी सांगत होती.

शाळेतून चिठ्ठ्या आल्या नाहीत, बाईच आल्या. वर्गशिक्षिका बाई सडसडीत, शिस्तीच्या, पण मनानं वाईट नव्हेत. मशीनच्या बाजूच्या स्टुलावर त्या टेकल्या आणि म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, म्हणूनच सांगायला आले. आजकाल मुद्दाम करते. शेजारणीची वही उडवते. मी बोलत असले की खांदे उडवते. काल तर मला जीभ दाखवली."

"जीभ?"

"बाहेर काढली आणि आत घेतली. सगळ्या वर्गासमोर. अर्धा तास उभी केली, तर उभं राहूनही नाचतेच आहे. पोरं हसतात, हिला चेव येतो. घरात काही झालंय का?"

"घरात काय होणार? घरात मशीन चालतं," आई म्हणाली.

बाई गेल्यावर बाबानं लेकीला मांडीशी घेतलं. "बाईंना जीभ दाखवलीस?"

"ती आपोआप गेली."

"जाताना सांगून जायचं म्हणावं तिला." तो हसला, पण ती हसली नाही.

आईला त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, काम करताना, एकच दिसत राहिलं: वर्गासमोर उभी राहिलेली आपली पोर आणि तिचा नाचणारा हात. पडदेवालीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. हलकं कापड वाऱ्यानं उडायला लागलं, फडफडायला लागलं, की त्याच्या खालच्या दुमडीत वजनं घालायची. बटणाएवढ्या जाड लोखंडी चकत्या असतात. कोपऱ्यात एकेक शिवून टाकली की पडदा शहाण्यासारखा उभा राहतो. खिडकी उघडी असो नाहीतर पंखा चालू असो.

तिनं गणवेशाच्या जाकिटाची उजवी बाही उसवली, मनगटाशी दुमड रुंद केली, आणि आत चकत्या बसवल्या. बाहेरून काही कळत नव्हतं. टाके असे, की तिचे तिलाही सापडू नयेत.

भिंगरीनं जाकीट घातलं. हात खाली सोडला. हात जरा वळला, ओढला गेला, आणि खाली राहिला.

"आई," ती हळूच म्हणाली, "राहिला."

"जड होतंय का?"

"जड होतंय. पण छान जड."

त्या आठवड्यात शाळेतून कुणी आलं नाही. आईला वाटलं, जिंकलो. पुढच्या आठवड्यात भिंगरीच म्हणाली, "अजून एक घाल ना. दुपारपर्यंत परत उठतो तो." आईनं अजून एक घातली. मायलेकींचं हे गुपित झालं. बाबालाही सांगितलं नाही. तो खो खो हसला असता, आणि मग हसायचा थांबला असता.

तरी आईची पुरती खात्री पटेना, म्हणून ती भिंगरीला एकदा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. शाळेतून परस्पर नेली, गणवेशावरच. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी समोर बसवलं, हात पुढे करायला सांगितला. हात पुढे आला, थोडा थरथरला आणि बाहीच्या ओझ्यानं मांडीवर जाऊन बसला.

"गालावर काय हे लाल?"

"खेळाच्या तासाला उन्हात असते," आई म्हणाली.

"हं. परीक्षा जवळ आली का?"

"आली."

"तेच ते. ह्या वयात मनावर घेतात मुलं. झोपू दे, खाऊ दे, ओरडू नका."

आईला इतकं हायसं वाटलं, की परत येताना तिनं भिंगरीला रंगीत खडूंचा डबा घेऊन दिला. घेताना तिला बाहीतल्या चकत्या आठवल्या. डॉक्टरांना सांगायच्या राहिल्या, असं तिनं स्वतःला सांगितलं.

पण वजनानं वारा थांबत नाही, पडदा तेवढा थांबतो. हात अडला तेव्हा त्या वाऱ्यानं पाय धरला. भिंगरी जिन्यावरून घसरली. बोलताना शब्द तोंडातच घोळायला लागले. कधी कारण नसताना हसायची, आणि त्याच हसण्यात रडायला लागायची. सकाळी बोटं दुखतात म्हणून स्वतःची वेणी घालायची नाही. आणि आईनं घातली तर फणीत केसांचा गुंता निघायचा. शेजारची म्हातारी एक दिवस दाराशी येऊन म्हणाली, "पडदेवाले, वाईट वाटून घेऊ नकोस, पण पोरीच्या डोक्यावर काहीतरी परिणाम झालाय. असल्या पोरी पुढं अवघड जातात." मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, की तिला झेपेल अशी दुसरी एखादी शाळा तुम्ही बघितलीत तर बरं.

त्या रात्री बाबा हसला नाही. सकाळी त्यानं ड्रिलची पेटी उचललीच नाही. "चल," तो म्हणाला, "कोपऱ्यावर जाऊ. मी येतो."

भिंगरी गणवेशातच होती. या खेपेला डॉक्टरांनी तिला चालायला लावलं. पाय आतल्या आत वळला, खांदा उडाला, मान झटकली गेली. डॉक्टर खुर्चीतून उठले. "हे नुसतं मनाचं नाही. मुलांच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा, आजच. मी फोन करतो." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "मागच्या वेळी हात इतका कसा शांत होता, तेच मला समजत नाही."

चकत्यांचं आत्ताच सांगावं, असं आईला वाटलं. बाहेर पेशंट खोकत होते, बाबा लेकीला सावरत होता. सांगायचं तिनं पुढं ढकललं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाई होत्या. पिकायला लागलेले केस, पायांत झिजलेल्या चपला, आणि घाई असूनही घाई न दाखवण्याची कला. त्या आईशी आधी बोलल्याच नाहीत. भिंगरीशी बोलल्या.

"तुला सगळे काय म्हणतात?"

"भिंगरी."

"मला लहानपणी कासव म्हणायचे. काढ बरं ते जाकीट. कासवासमोर लाजायचं नाही."

भिंगरीनं जाकीट काढलं आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलं. बाही लोंबली, झुलली, आणि लोखंडी खुर्चीच्या पायावर आपटली.

ठण्ण.

डॉक्टरबाईंनी बाहीकडे पाहिलं. "खिशात काय आहे?"

"खिशात नाहीये," भिंगरी म्हणाली, आणि आईकडे बघितलं.

बाबानंही आईकडे बघितलं. त्या खोलीत आता तीन माणसं तिच्याकडे बघत होती आणि तिला वाटत होतं, जमीन फाटेल तर बरं. पण लेकीचा हात तिला दिसत होता. जाकीट निघाल्याबरोबर तो मोकळा सुटला होता, कोंडलेलं वासरू सुटावं तसा. इतका नाचताना तो तिनंही पाहिला नव्हता. इतके दिवस तो आत इतकाच नाचत होता.

"मी वजनं शिवलीत बाहीत," ती म्हणाली. "पडद्यात घालतो ती. शाळेत हसू नयेत म्हणून. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हाही होती. मी बोलले नाही. त्यामुळे त्यांना दिसलंच नाही."



डॉक्टरबाई उठल्या, बाही हातात घेऊन तोलून पाहिली, टाक्यावरून अंगठा फिरवला. "शिलाई सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "आता वजनं पडद्याला. मला खरा हात दिसू दे."

मग त्यांनी आपली दोन बोटं पुढे केली. "घट्ट धर. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही." भिंगरीनं धरली. पकड घट्ट झाली, ढिली झाली, परत घट्ट झाली. गाईची धार काढतात तशी.

"मी सोडत नाहीये," भिंगरी घाईघाईनं म्हणाली.

"मला माहीत आहे तू सोडत नाहीयेस. आता जीभ बाहेर काढ आणि तिथंच ठेव."

जीभ बाहेर आली आणि पटकन आत पळाली. पुन्हा आली, पुन्हा पळाली.

"ह्याच्यासाठी मला वर्गात उभं केलं होतं," भिंगरी बोबड्या शब्दांत म्हणाली.

"मी तर ह्याच्यासाठी तुला शाबासकी देणार आहे. फार महत्त्वाचं काहीतरी सांगितलंस."

त्यानंतर डॉक्टरबाईंनी प्रश्नांची सरबत्ती लावली. घसा दुखला होता का मधे? ताप? गालावरचं लाल नाकावरूनही जातं का? उन्हात वाढतं? तोंडात फोड? केस गळतात? सकाळी बोटं आखडतात? आई उत्तरं देत गेली. एकेक गोष्ट तिनं पाहिलेली होती, प्रत्येकीला तिनं वेगळं कारण शोधून ठेवलं होतं. ऊन, झोप, परीक्षा, साबण, वय. आणि आता एकेक उत्तर देताना तिच्या ध्यानात येत होतं, की हे वेगवेगळे तुकडे नव्हेतच. सगळे एकाच ताग्यातले होते.

रक्त काढलं, डोक्याचे फोटो काढले, भिंगरीला खाटेवर झोपवलं. निदान यायला वेळ लागला. आलं तेव्हा डॉक्टरबाई खाटेच्या कडेला बसूनच बोलल्या, तिघांशीही.

"ह्याचं नाव ल्युपस. आपल्या अंगात पहारेकरी असतात, बाहेरून आजार आला की त्याला हाकलायचं त्यांचं काम. ह्या आजारात पहारेकऱ्यांची गफलत होते. घरातल्याच माणसाला चोर समजून मारत सुटतात. कधी सांध्यांना, कधी कातडीला, कधी मूत्रपिंडांना. भिंगरीच्या बाबतीत त्यांनी मेंदूतल्या अशा जागी दंगा केला, जिथून हालचालींना लगाम असतो."

"म्हणजे हे वेड नाही," आई म्हणाली. विचारलं नव्हतं, पण डॉक्टरबाईंनी उत्तर दिलं.

"नाही. आणि नाटकही नाही. मुलांमध्ये हा आजार कधी कधी असा वेषांतर करून येतो, की भलेभले फसतात. माझ्याकडे एक मुलगी होती, तिला भिंतीपाशी कुणीतरी उभं दिसायचं. एक मुलगा होता, तो बोलायचाच बंद झाला. घरच्यांना वाटलं रुसलाय. महिनाभर त्याची समजूत काढत होते बिचारे."

"मग?" बाबा म्हणाला.

"मग काय? आता दोघंही शाळेत जातात, आणि रस्त्यात दिसले तर मला ओळख देत नाहीत. त्या वयाला तेच शोभतं." त्या भिंगरीकडे वळल्या. "तूही नाही दिलीस तरी चालेल."

"पूर्ण बरी होईल?" आईनं विचारलं.

"हात शांत होईल, अशी माझी खात्री आहे. आजार मात्र सोबतीला राहील. त्याला झोपवून ठेवायचं. औषध चुकवायचं नाही, ऊन टाळायचं, तपासणी टाळायची नाही. मधेच डोळे उघडले त्यानं तर घाबरायचं नाही, माझ्याकडे यायचं."

डॉक्टरबाई निघाल्या, तशी आई त्यांच्या मागोमाग दाराबाहेर गेली. "माझ्यामुळे उशीर झाला ना?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही. "झाला थोडा. भरून निघेल इतपत." मग दोन पावलं जाऊन परत वळल्या. "पण एक सांगते. कुणी व्रात्य म्हणालं, कुणी वेडी म्हणालं. हात आपोआप हलतोय ह्यावर विश्वास फक्त तुम्ही ठेवलात. त्याशिवाय का कुणी बाहीत लोखंड शिवतं?"

आई दारातून मागे वळली. आत येऊन बघते तो बाबा जाकिटाची बाही हातात घेऊन बसलेला.

"अगं," तो म्हणाला, "चकत्या कमी कशा पडतायत म्हणून मी त्या दुकानदाराशी भांडून आलो ना."

आणि मग दोघंही हसत सुटले. भिंगरी खाटेवरून हसत सुटली. पलीकडच्या खाटेवरच्या आजी विचारत राहिल्या, काय झालं, काय झालं, आणि कुणालाच सांगता येईना.

सलाईनमधून औषध जायला लागलं. सुरुवातीला काहीच घडलं नाही. खाटेचा लोखंडी कठडा जरा ढिला होता. भिंगरीचा हात हलला की तो खडखडायचा. त्या खडखडाटातच आई बसायची, तिथंच डुलकी काढायची. एका दुपारी ती दचकून जागी झाली. काहीतरी चुकत होतं. कशानं जाग आली तेच तिला उमगेना. पंखा फिरत होता, पलीकडच्या आजी घोरत होत्या. मग तिच्या लक्षात आलं. कठडा गप्प होता.

भिंगरी जागी होती. उजवा हात चादरीवर पालथा पडला होता. ती त्याच्याकडे बघत होती, श्वाससुद्धा जपून घेत होती, जसा अंगणात उतरलेला पक्षी बघावा.

"आई," ती कुजबुजली, "हलू नकोस. बसलाय."

आई हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं तेही तिनं पुसलं नाही.

तो परत उठला, अर्थात. मग परत बसला. दिवसागणिक उठणं कमी झालं, बसणं वाढलं. घरी आल्यावर गोळ्यांनी वेगळाच छळ मांडला. चेहरा गोल झाला, भूक अशी खवळली की बाबाच्या पावाला कुलूप लावायची वेळ आली. आरशासमोर उभी राहून भिंगरी म्हणायची, "ही पाहुणी कोण आलीय?" एके दिवशी ते म्हणता म्हणता ती हमसून रडली. आईनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "पाहुणी आहे ना, मग जाईल. पाहुण्यांना हाकलत नाहीत, आणि ठेवूनही घेत नाहीत."

शाळा तीच राहिली. डॉक्टरबाईंनी मुख्याध्यापिकांना फोन केला होता; काय बोलल्या ते कळलं नाही, पण दुसरी शाळा बघायची भाषा परत निघाली नाही. पहिल्या दिवशी आई सोडायला गेली आणि वर्गाच्या दारातून हलेचना. भिंगरी बाकावर बसली. कुणीतरी मागे खुसखुसलं. बाई हजेरी घेणार होत्या, त्यांनी ती मिटून ठेवली. टेबलावरचा खडू उचलला, भिंगरीच्या बाकापाशी आल्या आणि तो तिच्यासमोर धरला.

"फळ्यावर समास आखून दे मला," त्या म्हणाल्या. "तुझ्यासारखी सरळ रेघ माझी येत नाही." मग थोड्या हळू आवाजात, पण मागच्या बाकापर्यंत जाईल असं म्हणाल्या, "माझी चूक झाली होती, बाळ. मला माहीत नव्हतं."

भिंगरी फळ्यापाशी गेली. जीभ दातांत धरली. या वेळी ती जागची हलली नाही. खडू वर टेकवला आणि खाली आणत गेली. रेघ मधेच केसभर थरथरली. मग ती सावरली आणि सुतासारखी खाली उतरली, थेट फळ्याच्या चौकटीपर्यंत.

"पुरे का?" भिंगरीनं विचारलं, "की खाली भिंतीवर पण आखू?"

वर्ग हसला. पण या वेळी तो तिच्यासोबत हसला, आणि घरी जाताना आई रस्त्यानं एकटीच मोठ्यानं हसत गेली. लोक वळून बघत होते. बघू देत, तिला वाटलं.

ऊन टाळायचं म्हटल्यावर घराच्या खिडक्यांचा प्रश्न आला. भिंगरीच्या खाटेवर दुपारभर ऊन पडायचं. सुट्टीच्या दिवशी आईनं जाड अस्तराचं कापड काढलं, निळं, भिंगरीनंच निवडलेलं, आणि जमिनीवर अंथरलं. "मार रेघ," ती म्हणाली, आणि डोळे मिटून त्या रेघेवरून कात्री चालवली. बाबा स्टुलावर चढून स्वतःच्या भिंतीला भोक पाडत होता आणि धुळीत शिंकत म्हणत होता, "असलं कटकटी गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. तुझी आई म्हणते, रॉड वाकडा, वाकडा. स्वतः वाकडी बघते म्हणून."

"बाबा, रॉड खरंच वाकडा आहे," भिंगरी म्हणाली.

"ही अजून एक."

तो बाहेर पातळी तपासायची पट्टी शोधायला गेला. आईनं जाकीट मांडीवर घेतलं आणि बाहीची दुमड उसवायला घेतली. आपलेच टाके तिला खरोखरच सापडेनात. भिंगरीनंच बोट ठेवून दाखवले. एकेक चकती बाहेर आली. भिंगरीनं त्या तळहातावर घेतल्या. हात स्थिर होता. चकत्या एकमेकींवर वाजत नव्हत्या.

"एवढ्या होत्या?" ती म्हणाली. "आता बाहीत असत्या तर हात उचलवलासुद्धा नसता."

"आण इकडे. पडद्याच्या कोपऱ्यात घालू. तिथंच त्यांची जागा."

भिंगरी एकेक चकती दुमडीत सरकवत गेली, आई टाके घालत गेली. उघड्या खिडकीतून ऊन आत आलं होतं, आणि आई बसल्या जागेवरून अशी सरकली, की तिची सावली लेकीच्या अंगावर पडावी.

"आई, ते पहारेकरी. आता ओळखतात का मला?"

"ओळखतात. औषध त्यांना रोज आठवण करून देतं ना."

भिंगरीनं शेवटची चकती बोटांत धरली. ती आत सरकवायची विसरून ती खिडकीकडे बघत राहिली.

"पण मी तर तेव्हाही मीच होते," ती म्हणाली. "मग तेव्हा त्यांना मी कोण वाटले?"